शांताक्का माझी बहीण असल्याची नोंद सर्पालयात होण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सिद्धवन प्राणिसंग्रहालय व सर्पालय,
सोलापूर.

अर्जदार : शिवानंद हणमंतप्पा कलशेट्टी, वय ७१, सेवानिवृत्त ग्रंथपाल, रा. अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

विषय : सर्पालयाच्या घटना नोंदवहीतील माझे निवेदन खोटे असल्याने ते रद्द करणे, मला दिलेले सन्मानपत्र परत घेणे व 'अनोळखी महिला' या शब्दांच्या जागी माझ्या बहिणीचे नाव लिहिणे याबाबत.

संदर्भ : १) सर्पालयाच्या घटना नोंदवहीतील दि. ९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी, या दिवसाची नोंद.
२) आपल्या कार्यालयाने मला टपालाने पाठवलेले 'जागरूक अभ्यागत' हे सन्मानपत्र.

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करतो की, हा अर्ज मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. पहिल्या दोन मसुद्यांत मूळ गोष्ट शेवटच्या परिच्छेदात जाऊन बसली होती, व ती वाचेपर्यंत आपण अर्ज बाजूला ठेवला असता. म्हणून ती आधीच लिहून टाकतो. नागपंचमीच्या दिवशी आपल्या सर्पालयात नागाच्या काचेला हळदकुंकू लावून हवेच्या जाळीतून आत दूध ओतल्याबद्दल ज्या दोन महिलांना पकडण्यात आले, त्यांतील थोरली माझी सख्खी बहीण आहे. 'माझा या महिलांशी संबंध नाही' असे मी त्या वेळी सांगितले, ते वहीत लिहून घेण्यात आले, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सही माझीच आहे. मजकूर खोटा आहे.

१. प्रथम माझ्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढील वर्तनाचा उलगडा होणार नाही. ते वर्तन माफ व्हावे असा हेतू नाही. मी अणदूर येथील सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलणे मला लहानपणापासून जड जाते. पुस्तकांशी गेले नाही. वाचनालयात सापांविषयी बरीच पुस्तके होती व ती कोणी नेत नसे, म्हणून ती मीच वाचली. पुढे दर श्रावणात गावच्या शाळेत 'साप : समज व गैरसमज' या विषयावर माझे भाषण ठेवू लागले. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, पुंगीच्या सुरावर नव्हे तर हालचालीवर डोलतो, हे मी कागद समोर धरून वाचून दाखवतो. त्यामुळे गावात मला सापांचा जाणकार मानतात. वस्तुतः जिवंत नाग मी त्या दिवसापर्यंत हातभर अंतरावरून पाहिलेला नव्हता. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कारण कोणी विचारलेले नाही.

२. माझी बहीण श्रीमती शांताबाई गुरुलिंगप्पा कोरे, जिला सगळे शांताक्का म्हणतात, ही ढोकी येथे दिलेली आहे. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असावी. दर पंचमीला ती माहेरी, म्हणजे माझ्या घरी, येते. आमच्या भागात बायका नागाला भाऊ मानतात. पंचमीच्या आदल्या दिवशी आपल्या सख्ख्या भावासाठी उपवास धरतात आणि दुसऱ्या दिवशी वारुळाला जाऊन नागाला दूध-लाह्या वाहिल्यावरच तोंडात घास घालतात. गावाच्या मागे जे वारूळ होते, ते यंदा महामार्गाच्या कडेच्या रस्त्यात गेले. मशिनने ते सपाट केले तेव्हा अक्का माझ्याकडे नव्हती. आल्यावर तिने पाहिले व दारात उभी राहून म्हणाली, "आता कुठं जायचं रं शिवू आमी?"

३. त्यावर मी जे उत्तर दिले, तेथून या प्रकरणाची सुरुवात होते. मी म्हणालो, "अक्का, यंदा तुला खरा नाग दाखवतो. सोलापूरला काचेच्या पेटीत ठेवलेला आहे." माझा हेतू शैक्षणिक होता. नाग प्रत्यक्ष पाहिला, त्याखालची माहितीची पाटी मी वाचून दाखवली, तर तिच्या मनातील भोळ्या समजुती आपोआप गळून पडतील असे मला वाटले. अक्काने याचा अर्थ असा घेतला की, भावाने यंदा पंचमीची सोय सोलापूरला केली आहे. तिने शेजारच्या गजराबाईंना सोबत घेतले. एसटीत अक्काच्या मांडीवर फडक्यात बांधलेले ताट होते. मला वाटले, शिदोरी आहे. ते मी उघडून पाहिले नाही, व विचारलेही नाही. सहल मी ठरवली, तिकिटे मी काढली, महिलांना आपल्या दारापर्यंत मी आणले. 'संबंध नाही' हे विधान किती खोटे होते हे आपल्या ध्यानात यावे म्हणून एवढा तपशील देत आहे.

४. सर्पालयात शिरल्यावर मी महिलांच्या पुढे गेलो. पाट्या वाचता वाचता पुढे जाणे ही माझी जुनी सवय आहे. तेथे आपल्या शिक्षण विभागातील मार्गदर्शक हर्षाली मॅडम शाळेच्या मुलांना माहिती देत होत्या. मुले गेल्यावर मी धीर करून त्यांना एक शंका विचारली. नागाच्या वरच्या ओठावरील तिसरा खवला नाकपुडी व डोळा या दोहोंना टेकलेला असतो असे पुस्तकात आहे, तो येथे पाहता येईल काय, अशी ती शंका होती. मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या व म्हणाल्या, "काका, हे तर आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही सांगावं लागतं. तुमचा अभ्यास दांडगा आहे हो." मग त्यांनी मला अजगराच्या काचेपाशी नेले, आणि मी बोलू लागलो. महोदय, मी एवढा वेळ सलग कधी बोललेलो नाही. आजूबाजूचे तीन-चार प्रेक्षकही ऐकत उभे राहिले. मला ते फार आवडले. हे लिहिताना कान गरम होत आहेत, पण अर्जात खरे लिहायचे ठरवले आहे.

५. त्याच वेळी माझ्या पाठीमागे नागाच्या काचेसमोर अक्काने फडके सोडले. नाग मडक्याआड तोंड करून पडला होता, फणा काढत नव्हता. तिचा आवाज मला ऐकू येत होता. "का रं भावा, रुसलास व्हय? येवढ्या लांबनं आलीया, तोंड तरी दाव." गजराबाई म्हणाल्या, "काचंचं घर मिळालंया त्याला. आता कशाला वळखंल आपल्याला!" दोघी हसल्या. मीही मनात हसलो असेन, पण मागे वळून पाहिले नाही. काचेला हळदकुंकू लागले, कापसाचे वस्त्र चिकटवले गेले, आणि अक्काने औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून आणलेले दूध बाजूच्या जाळीतून आत सोडले. मागोमाग शिटी वाजली.

६. आपले सुरक्षा रक्षक महालिंगप्पा यांची कोणतीही चूक नाही, हे येथेच नमूद करतो. ते धावत आले तरी त्यांनी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. ते म्हणाले, "ओ अक्का, जाळीतनं दूध? माझी नोकरी घालवता का? मलाबी ठावं हाय आज पंचमी हाय, माझ्या घरातबी निवदाला उंड्या केल्यात. पर त्ये जनावर सरकारी हाय!" मग त्यांनी मोठ्याने विचारले, "यांच्यासंगं पुरुष मानूस कोण हाय?"

७. अक्काने माझ्याकडे पाहिले. गजराबाईंनी बोट उचलले होते, ते अक्काने आपल्या हाताने खाली दाबले. हर्षाली मॅडमनी सहज विचारले, "काका, तुमच्या गावच्या आहेत का या?" त्यांच्या आवाजात संशय नव्हता. मी होय म्हटले असते तर त्या हसल्या असत्या, काच पुसली गेली असती आणि प्रकरण तेथेच मिटले असते. मी म्हणालो, "नाही. माझा यांच्याशी संबंध नाही." मी हे घाबरून बोललो असे घरी येईपर्यंत मनाला सांगत होतो. पण भीती नव्हती, महोदय. नुकताच कोणीतरी मला विद्वान म्हटले होते व ते मला एवढ्यात सोडवत नव्हते.

८. याहून वाईट भाग पुढे आहे. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही इकडचेच आहात. यांना यांच्या भाषेत समजावून सांगाल का? आम्ही सांगितलं की राग येतो." मी पुढे गेलो. सख्ख्या बहिणीसमोर उभा राहिलो आणि शाळेतले भाषण म्हणायला लागलो. सुरुवात "अहो मावशी," अशी केली. सापाला दूध पचत नाही, पोटात गेले तर तो आजारी पडतो, दुधाला मुंग्या लागतात, श्रद्धा असावी पण डोळस असावी, असे सर्व काही मी सांगितले. शब्द अडखळले नाहीत. कागदही लागला नाही. ऐकता ऐकता अक्काने पदर कपाळावर पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा, आणि माझे संपल्यावर खाली पाहून म्हणाली, "व्हय साहेब. आमा अडाण्यांना काय कळतंय? चुकलं आमचं."

ती मला साहेब म्हणाली. खोटे मी बोललो होतो, पण ते उघडे पडू नये म्हणून सांभाळले तिने.

९. त्यानंतर रक्षकांनी वही आणली. नाव विचारल्यावर अक्काने नाव सांगितले नाही, कोठून आलो तेही सांगितले नाही. अणदूर म्हटले असते तर माझे गाव तेच निघाले असते, म्हणून तिने तोंड मिटून घेतले, हे मला त्याच क्षणी समजले. म्हणून वहीत 'अनोळखी महिला' असे लिहिले गेले, तोंडी समज देऊन दोघींना बाहेर जाऊ देण्यात आले, आणि खाली मी सही केली. पूर्ण नाव, वाचनालयाचा पत्ता व पिनकोडसह. पिनकोड कोणी मागितलाही नव्हता.

१०. बाहेर आल्यावर एसटी स्थानकापर्यंत मी महिलांच्या दहा पावले मागून चालत होतो. गजराबाई मला नेहमी अण्णा म्हणतात. त्या दिवशी स्थानकावर त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "साहेब, पानी आणू का तुमास्नी? का आमच्या हातचं चालत न्हाय आता?" अक्का त्यांना म्हणाली, "गजरे, गप. शिवूला चारचौघांचं भ्याव हाय, आधीपास्नं." तिने माझी बाजू घेतली, हे गजराबाईंच्या बोलण्यापेक्षा अधिक लागले. मी केळी आणली. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हते, कारण उपवास भावाचा होता, आणि तो भाऊ मी होतो. पूजा अर्धी राहिली तर उपवास सुटतो की नाही याविषयी कोणत्याही पुस्तकात माझ्या वाचनात आलेले नाही. तिने केळी घेतली व गजराबाईंच्या पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "मी जाते ढोकीला." तिची पिशवी व धुतलेले लुगडे माझ्या घरी होते, माहेरपणाचे आणखी चार दिवस बाकी होते. मी म्हणालो, "पिशवी?" म्हणाली, "राहू दे." धाराशिवच्या गाडीत ती मागच्या दाराने चढली. मी खिडकीपाशी गेलो नाही. गेलो असतो तर काहीतरी बोलावे लागले असते.

११. दुसऱ्या दिवशी मी ढोकीला फोन केला. तो अक्काची सून तारामती हिने उचलला. आतून काही बोलणे ऐकू आले व तारामती हसत म्हणाली, "मामा, आत्याबाई म्हणत्यात, साहेबांना सांग मी पोचले, बरी हाय." ही थट्टा होती की राग होता, हे मला ठरवता आलेले नाही. थट्टा असेल तर ती पुष्कळ दिवस चालेल असे दिसते. राग असेल तर अक्का पुन्हा माहेरी येणार नाही. तिला माझ्या घराशिवाय माहेर नाही.

१२. अशा स्थितीत दि. १२ रोजी आपले सन्मानपत्र वाचनालयाच्या पत्त्यावर आले. वाचनालयाचे अध्यक्ष आण्णासाहेब यांनी ते माझ्या हाती देण्याआधीच उघडून वर्तमानपत्र वाचत बसलेल्या मंडळींसमोर मोठ्याने वाचले : "सर्पालयात गैरवर्तन करणाऱ्या अज्ञानी महिलांचे प्रसंगावधान राखून प्रबोधन केल्याबद्दल." टाळ्या वाजल्या. आण्णासाहेब म्हणाले, "कलशेट्टी, आयुष्यभर तुम्ही पुस्तकं वाटली, कुणी विचारलं न्हाय. आता बघा!" त्यांनी त्याची चौकट करून आणली असून, १५ ऑगस्ट रोजी झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला आहे. शाल सांगितली आहे. मी नको म्हटले तर ते विनय समजतात. माझा नकार आयुष्यात कोणी नकार म्हणून घेतलेला नाही. त्या दिवशी संध्याकाळी गजराबाई दारावरून जाताना म्हणाल्या, "अण्णा, सत्काराला आमा दोघींनाबी बसवा की म्होरं. परबोधन झालेल्या बाया कशा दिसत्यात, बघू दे लोकास्नी."

१३. आता आपण म्हणाल की, हा घरगुती मामला आहे, प्राणिसंग्रहालयाचा यात काय संबंध? मीही स्वतःला हाच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात आली, तिच्यामुळे हा अर्ज करणे अटळ झाले.

आपल्याकडे पुराव्यासह अर्ज करावा म्हणून मी अक्का माझी बहीण असल्याचा कागद शोधू लागलो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आहे. अक्का शाळेत गेलेली नाही. तिचा जन्म कोठे नोंदवलेला नाही. लग्नानंतर तिचे रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, सर्व काही कोरे या आडनावाने ढोकीत झाले. तिच्या कोणत्याही कागदावर माझे नाव नाही व माझ्या कोणत्याही कागदावर तिचे नाही. वडिलांच्या नावे जमीन असती तर बहिणीचे हक्कसोडपत्र तरी झाले असते, व हक्क सोडण्यापुरते का होईना आम्ही एका कागदावर बहीणभाऊ म्हणून आलो असतो. वडिलांना जमीन नव्हती. ते कापडाच्या दुकानात गज धरून कापड मोजत.

म्हणजे महोदय, आम्हा दोघांच्या नात्याविषयी कोणत्याही दप्तरात आज जी एकमेव लेखी नोंद अस्तित्वात आहे, ती आपल्या सर्पालयाच्या वहीत आहे. त्या नोंदीत 'संबंध नाही' असे लिहिलेले असून खाली माझी सही आहे. मी जन्मभर कागदावर विश्वास ठेवत आलो. लोक बोललेले विसरतात, लिहिलेले राहते, असे मी वाचनालयात मुलांना सांगत असे. आम्ही दोघे गेल्यावर हे लिहिलेले राहील, या विचाराने मला अन्न जात नाही.

१४. पुराव्यादाखल कागद नसल्याने पुढील बाबी विचारात घ्याव्यात, ही विनंती. आमच्या दोघांचे नाक वडिलांवर गेलेले आहे. रक्षक महालिंगप्पा यांनी दोघांनाही जवळून पाहिले असल्याने त्यांना आठवत असेल. आई गेली तेव्हा मी लहान होतो. अक्काचे लग्न झाले तेव्हा तिच्यासोबत पाठराखणीला मला पाठवले होते, व मी परत यायला तयार होईना म्हणून वर्षभर ढोकीलाच राहिलो. सासरी नवीन असून तिने मला आपल्या ताटात जेवू घातले. तेथे तिला कोणी विचारले की हे कोणाचे पोर, तर ती लगेच सांगत असे. तिला सांगायला कधी वेळ लागला नाही. अधिक पुरावा माझ्यापाशी नाही.

१५. सबब, आपणास विनंती की –

अ) दि. ९ ऑगस्टच्या नोंदीतील माझे निवेदन खोटे असल्याचा शेरा लाल शाईने मारण्यात यावा.

आ) 'अनोळखी महिला' हे शब्द खोडून तेथे 'श्रीमती शांताबाई गुरुलिंगप्पा कोरे, रा. ढोकी, साक्षीदाराची थोरली बहीण' असे लिहावे. दुसऱ्या महिला गजराबाई यांनी आपले नाव घालण्यास संमती दिली आहे. "मोठ्या अक्षरात घाला" असे त्यांचे म्हणणे आहे.

इ) दोषींच्या रकान्यात माझे नाव प्रथम क्रमांकावर घ्यावे, व जी समज महिलांना तोंडी देण्यात आली तीच मला लेखी देण्यात यावी. माझा गुन्हा अधिक आहे, कारण दूध सापाला चालत नाही हे त्यांना माहीत नव्हते, मला माहीत होते, आणि तरीही मी मागे वळून पाहिले नाही.

ई) सन्मानपत्र सोबत परत करीत आहे. ते रद्द केल्याचे पत्र मला मिळावे. दुरुस्त केलेल्या नोंदीची शिक्का मारलेली एक प्रतही मिळावी. ती मी ढोकीला नेऊन देणार आहे. मला तोंडाने काही सांगणे जमत नाही, आणि शिक्क्याचा कागद हाती असला म्हणजे निदान दार वाजवता येईल, असे वाटते.

उ) हर्षाली मॅडम यांना या अर्जामुळे कोणताही त्रास होऊ नये. त्यांनी मला चांगले समजून सन्मानपत्र पाठवले. चूक त्यांच्या पारखण्यात झाली असली तरी माल मीच खोटा दिला होता.

ऊ) नागाची प्रकृती कशी आहे ते कळवावे.

वेळ व कागद दोन्ही अधिक खर्च झाल्याबद्दल खजील आहे. आपण द्याल ती समज मान्य राहील.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
शिवानंद हणमंतप्पा कलशेट्टी
(साक्षीदार म्हणून केलेली सही मागे घेऊन)
अणदूर, दि. १४ ऑगस्ट २०२४

सोबत : १) मूळ सन्मानपत्र, चौकट काढून. (चौकट आण्णासाहेबांची असल्याने त्यांना परत केली आहे.)
२) अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला, छायाप्रत. यावर बहिणीचे नाव नाही. ते नसल्याचा पुरावा म्हणून जोडला आहे.

पुरवणी
मुक्काम ढोकी, दि. १६ ऑगस्ट २०२४

महोदय,

वरील अर्ज टपालात टाकण्यापूर्वी एक अडचण ध्यानात आली. त्यात अक्काचे नाव असल्याने तिची संमती घेणे आवश्यक होते. म्हणून १५ तारखेला पहाटेच्या गाडीने मी तिची पिशवी व हा अर्ज घेऊन ढोकीला आलो. त्यामुळे सत्काराला मला हजर राहता आले नाही. शाल हेडमास्तरांना घातली असे कळते.

अक्का ओसरीवर मूग निवडत बसली होती. मला पाहून "या साहेब, बसा" म्हणाली आणि निवडत राहिली. मी बसून अर्ज काढला व पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. तारामती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. सरकारी जनावराच्या ठिकाणी अक्का हसली. 'अहो मावशी' येथे तिने हातातले सूप खाली ठेवले. नात्याचा कागद नसल्याचा परिच्छेद माझ्याने वाचवेना, तेव्हा तारामतीने कागद घेऊन उरलेले वाचले. तिला माझे अक्षर लागत नव्हते, त्यामुळे बराच वेळ लागला.

संपल्यावर अक्का म्हणाली, "येवढं समदं त्या साहेबाला कशापायी लिवलंस? त्याचं काय बिघडलंय? मला सांगायचं हुतंस की."

अर्जासंबंधी तिच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत, त्या तशाच सादर करतो. 'अज्ञानी' हा शब्द राहिला तरी तिची हरकत नाही. 'अनोळखी' मात्र काढावा. नाकाचा उल्लेख नको. दुधाला मुंग्या लागल्या असतील तर जाळी गरम पाण्याने पुसून घ्यावी, व त्याबद्दल रक्षकांना कोणी बोलू नये. नागाने त्या दिवशी तोंड दाखवले नाही ते का, हे जाणकारांना विचारून कळवावे.

त्यानंतर मी अक्काला तोंडाने काही बोललो. तो मजकूर कार्यालयीन कामाशी संबंधित नसल्याने येथे दिलेला नाही. तो फार थोडा होता व नीट जमलाही नाही.

त्यावर अक्का "बघू" म्हणाली, आणि तारामतीला चहात साखर कमी टाकायला सांगितले. 'बघू' हा होकार की नकार, याचा बोध मला अद्याप झालेला नाही. विचारले तर ती मूग पुढे सरकवते, म्हणून मीही निवडत बसलो आहे. उलगडा होईपर्यंत मुक्काम वाढवला आहे.

तरी मागणी क्रमांक 'ई' मधील शिक्क्याची प्रत आता नको. बाकी मागण्या कायम आहेत. या अर्जाचे उत्तर अणदूरच्या पत्त्यावर न पाठवता खाली लिहिलेल्या पत्त्यावर पाठवावे, व पाकिटावर पत्ता जसा आहे तसाच, कंसासह, लिहावा, ही नम्र विनंती.

शिवानंद हणमंतप्पा कलशेट्टी,
द्वारा श्रीमती शांताबाई गुरुलिंगप्पा कोरे (बहीण),
मु. पो. ढोकी, जि. धाराशिव.